आधी कवी, मग गाणारा

२७ डिसेंबर १९६७ रोजी कोलंबिया रेकॉर्ड्‌सने अमेरिकेत दोन तबकड्या बाजारात आणल्या. त्यातली एक बॉब डिलनची, ‘जॉन वेस्ली हार्डिंग’. मोटारसायकलच्या अपघातानंतर डिलन लोकांच्या नजरेआड झाला होता आणि दीड वर्ष सगळे त्याच्या नव्या गाण्यांची वाट बघत होते. दुसऱ्या तबकडीच्या वेष्टनावर एका माणसाचा तपकिरी छटेतला फोटो होता. नाणं टाकून स्वतःचा फोटो काढून घ्यायचं यंत्र असतं, त्यातून निघालेला. चेहरा गंभीर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. नाव लेनर्ड कोहेन. तबकडीचं नावही साधंच, ‘साँग्ज ऑफ लेनर्ड कोहेन’.

डिलन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि ही त्याची आठवी तबकडी. कोहेन तेहेतिसाचा आणि त्याची ही पहिलीच. तिशीपुढच्या माणसावर विश्वास ठेवू नका, असं तरुण पोरं एकमेकांना सांगत होती त्या दिवसांत एक माणूस तिशी ओलांडून, चार कवितासंग्रह आणि दोन कादंबऱ्या छापून झाल्यावर, गायला उभा राहिला होता. मला वाटतं, या अल्बमची पकड अजून का सुटलेली नाही याचं उत्तर त्या वयातच आहे. गाण्याच्या जगात तो नवखा होता, पण शब्दांच्या जगात त्याची उमेदवारी कधीच संपली होती. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे तो दहा-बारा वर्षं छापील पानावर शिकून आला होता.

कोहेनचा जन्म १९३४ सालचा, माँट्रिऑलच्या वेस्टमाउंट या सधन वस्तीतला. घराणं ज्यू, प्रतिष्ठित, कापडचोपडाच्या धंद्यातलं. शहर बहुसंख्येने फ्रेंच बोलणारं आणि कॅथलिक. त्यात इंग्रजी बोलणारे अल्पसंख्य, आणि त्यांच्यातही ज्यू वेगळे. आईचे वडील मोठे धर्मपंडित होते आणि आई स्वतः रशियन आणि यिडिश गाणी म्हणायची. वडील गेले तेव्हा लेनर्ड नऊ वर्षांचा होता. त्यांच्या अंत्यविधीनंतर त्याने त्यांचा एक बो-टाय उसवला, आपण लिहिलेला कागदाचा चिटोरा त्यात घातला आणि तो घरामागच्या बागेत पुरला. आपलं पहिलं लिखाण तेच, असं तो पुढे सांगायचा. त्याच्या गाण्यांत प्रार्थनेचा आणि निरोपाचा सूर इतका सहज का मिसळतो, याचा थोडा उलगडा त्या बागेत होतो.

पंधराव्या वर्षी एका पुस्तकाच्या दुकानात त्याच्या हाती स्पॅनिश कवी लोर्का लागला आणि कवितेने त्याला कायमचं धरलं. गिटारही त्याच सुमाराला आली. घरामागच्या उद्यानात, टेनिसच्या मैदानाजवळ एक स्पॅनिश तरुण गिटार वाजवत होता. भोवती पोरंपोरी जमलेली. कोहेनने त्याला शिकवशील का म्हणून विचारलं. तो तीन दिवस घरी आला आणि फ्लामेंकोतल्या सहा कॉर्ड्‌सची एक माळ त्याने याच्या बोटांत बसवली. चौथ्या दिवशी तो आला नाही. राहत्या जागी फोन केल्यावर कळलं, त्याने आत्महत्या केली होती. ही हकिगत कोहेनने जाहीरपणे सांगितली ती थेट २०११ साली, स्पेनमधल्या ओव्हिएदो शहरात साहित्याचा मोठा पुरस्कार स्वीकारताना. आपल्या सगळ्या गाण्यांच्या बुडाशी त्या सहा कॉर्ड्‌स आहेत, असं तो त्या भाषणात म्हणाला. अमेरिकन लोकगायकांच्या गिटारीपेक्षा याची गिटार वेगळी का वाजते, त्यात ती भरभर थरथरणारी बोटं कुठून येतात, हे त्या दिवशी पुष्कळांना नव्याने उमगलं.

मॅगिल विद्यापीठात त्याला लुई ड्युडेकसारखे शिक्षक मिळाले आणि अर्व्हिंग लेटनसारखा दांडगा कवी वडीलकीच्या नात्याने लाभला. ड्युडेकने विद्यापीठात एक काव्यमाला सुरू केली, तिचं पहिलं पुष्प म्हणून १९५६ साली कोहेनचा पहिला संग्रह निघाला. १९६१च्या दुसऱ्या संग्रहाने त्याला कॅनडाचा लाडका तरुण कवी बनवलं. १९६५ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने त्याच्यावर माहितीपट केला. त्यात दिसतो तो कवी कोहेन: श्रोत्यांना हसवणारा, चटपटीत, स्वस्त हॉटेलच्या खोलीत एकटा राहणारा. गायक होण्याआधीच या माणसावर चित्रपट निघाला होता, हे आज विसरायला होतं.

पण दरम्यान तो ग्रीसला पोचला होता. १९६०मध्ये आजीकडून आलेल्या वारशातले पंधराशे डॉलर मोजून त्याने हायड्रा बेटावर एक जुनं पांढरं घर घेतलं. बेटावर मोटारी नाहीत, ओझी गाढवांच्या पाठीवर. सुरुवातीला घरात वीजही नव्हती. तिथेच मारियान इलेन ही नॉर्वेची तरुणी त्याच्या आयुष्यात आली, लहानग्या मुलासह. नवरा तिला सोडून गेला होता. त्या घरात कोहेनने रोज नेमाने लिहिलं. १९६६ची त्याची दुसरी कादंबरी ‘ब्यूटिफुल लूझर्स’ त्याने उन्हाच्या रखरखाटात, औषधांच्या उत्तेजनावर, जवळजवळ तापात लिहिली आणि ती संपताच तो कोसळला. काही समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं, काहींनी नाकं मुरडली. खप मात्र असा झाला नाही की चूल पेटावी.

तेव्हा त्याने ठरवलं की गाणी विकायची. बेटावर अमेरिकन लष्कराच्या रेडिओवरून कंट्री संगीत ऐकू यायचं आणि ते त्याला मनापासून आवडायचं. पोरवयात त्याने स्वतः एका कंट्री जथ्यात वाजवलंही होतं. बेत असा की नॅशव्हिलला जायचं आणि कंट्री गायक व्हायचं. वाटेत न्यूयॉर्क लागलं आणि तो तिथेच अडकला. ग्रिनिच व्हिलेजमध्ये लोकसंगीताची लाट उसळून गेली होती, डिलनसारखे आपले शब्द आपणच गाणारे लोक तिथे जमले होते, आणि हे सगळं आपण बेटावर बसून हुकवलं हे त्याला तिथे कळलं.

मराठी वाचकाला कवी गातो याचं नवल वाटणार नाही. बा. भ. बोरकर आपल्या कविता चालीवर म्हणत आणि मैफल भारून टाकत, हे ऐकलेली माणसं अजून आहेत. पण माँट्रिऑलच्या ज्या काव्यवर्तुळात कोहेन वाढला तिथे छापील कविता हीच खरी कविता होती. गिटार घेऊन रेकॉर्ड कंपनीच्या दारात जाणं म्हणजे त्यांच्या लेखी पायरी उतरणं होतं. कोहेनच्या मित्रांपैकी अनेकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. त्याला स्वतःला मात्र आपण धंदा बदलतोय असं कधी वाटलं नाही.

न्यूयॉर्कमध्ये तो आधी चौतिसाव्या रस्त्यावरच्या एका जुनाट हॉटेलात राहिला. खोलीची खिडकी धड बंद होत नव्हती. पुढे या अल्बमवर आलेलं ‘हे, दॅट्स नो वे टू से गुडबाय’ तिथेच लिहिलं गेलं. मग चेल्सी हॉटेल: चित्रकार, नट, गायक, कफल्लक आणि नामवंत एकाच जिन्यावर भेटायचे असं ठिकाण. मेरी मार्टिन ही त्याची कॅनडाची ओळखीची संगीत व्यवसायात होती. तिने त्याला गायिका जुडी कॉलिन्सकडे पाठवलं. आपण लिहिलंय ते गाणं आहे की नाही हेच आपल्याला कळत नाही, असं सांगत त्याने तिला ‘सुझान’ ऐकवलं. तिला शंका नव्हती. १९६६च्या अखेरीस आलेल्या ‘इन माय लाइफ’ या तिच्या तबकडीवर त्याची दोन गाणी होती, पुढच्या वर्षीच्या ‘वाइल्डफ्लॉवर्स’वर आणखी तीन. कोहेनचा स्वतःचा आवाज लोकांनी ऐकण्याआधी त्याचे शब्द त्यांच्या घरात पोचले होते, ते तिच्या नितळ आवाजात.

त्याला रंगमंचावर ओढलं तेही तिनेच. १९६७च्या वसंतात न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिने त्याला पुढे केलं. त्याने ‘सुझान’ सुरू केलं, गिटार लागलेली नव्हती, पाय थरथरत होते. पहिल्याच कडव्यात तो थांबला आणि आत निघून गेला. श्रोते टाळ्या वाजवून बोलावत राहिले. कॉलिन्सने त्याला परत आणलं, शेजारी उभी राहिली आणि दोघांनी गाणं पुरं केलं.

जॉन हॅमंड हा कोलंबियाचा माणूस तेव्हा पन्नाशीच्या पुढचा होता. बिली हॉलिडेला त्याने हेरलं, अरेथा फ्रँकलिनला त्याने करारबद्ध केलं, डिलनलाही त्यानेच आणलं. तो चेल्सी हॉटेलात आला, कोहेनला जेवायला घेऊन गेला आणि परत येऊन त्याच्या खोलीत गाणी ऐकली. त्याला हवं ते मिळालं होतं. बत्तीस वर्षांच्या कवीला गायक म्हणून उभं करायचं हे कंपनीतल्या वरिष्ठांना पटेना, पण हॅमंडचा शब्द मोडणं कठीण होतं. १९६७च्या मे महिन्यात ध्वनिमुद्रण सुरू झालं.

स्टुडिओत कोहेनने एक आरसा मागितला. घरी तो आरशासमोर गायचा आणि समोर स्वतःला बघितल्याशिवाय त्याला गाता येत नव्हतं. दिवे मंद केले, मेणबत्त्या लावल्या, उदबत्तीही लागली. हॅमंडने साथीला फक्त एकाच माणसाला बसवलं: विली रफ हा बास वाजवणारा. रफ येल विद्यापीठात शिकलेला, जॅझमध्ये मुरलेला होता. कोहेनला नोटेशन वाचता येत नव्हतं, त्याच्या ओळी ठरलेल्या मात्रांत बसत नसत. एखाद्या शब्दाशी तो रेंगाळायचा, दुसऱ्यावरून झरकन पुढे जायचा. रफ त्याच्या शब्दांच्या मागे चालत राहिला. त्या आधाराशिवाय आपण हे निभावू शकलो नसतो, असं कोहेनने पुढे अनेकदा म्हटलं. गाणी भक्कम उभी राहिली ती इथे.

मग हॅमंड बाजूला झाला आणि निर्मितीची सूत्रं जॉन सायमन या तरुणाकडे गेली. सायमन चांगला संगीतकार होता. पुढे ‘द बँड’च्या गाजलेल्या पहिल्या दोन तबकड्यांवर त्याचीच छाप पडली. त्याला ही गाणी फार उघडीबोडकी वाटली. त्याने व्हायोलिनांचे थर चढवले, पितळी वाद्यं आणली, नॅन्सी प्रिडीकडून मागचे स्त्रीस्वर गाऊन घेतले. ‘सुझान’मध्ये त्याला पियानो हवा होता, कोहेनने नकार दिला. ‘सो लाँग, मारियान’मध्ये त्याला एके ठिकाणी सगळी वाद्यं थांबवायची होती, कोहेनने ते उधळलं. अखेर सायमन कंटाळला. सुटीवर जाताना, तुला हवं तसं मिसळ म्हणून त्याने फिती कोहेनच्या हवाली केल्या. कोहेनने जमेल तेवढं खरवडून काढलं. पण तेव्हाचं ध्वनिमुद्रण चारच मार्गिकांवर होई आणि एकदा एकाच मार्गिकेत मिसळलेले आवाज पुन्हा सुटे करता येत नसत. काही व्हायोलिनं, काही घंटानाद तिथेच राहिला. तबकडीसोबतच्या कागदावर कोहेनने गाणी आणि त्यांची साथ यांचं नातं जुन्या वैरातल्या दोन घराण्यांसारखं रंगवलं: जीव जडलेला, पण सोयरीक अशक्य.

या भांडणाची गंमत अशी की त्यात दोघंही बरोबर होते. कोहेनचा आवाज तेव्हा मर्यादित होता, चार-पाच स्वरांच्या अंगणात फिरणारा, किंचित नाकातला. सायमनने त्याच्यामागे जे उभं केलं ते नसतं तर दहा गाणी एकसुरी वाटली असती. आणि कोहेनने खरवडलं नसतं तर शब्द साखरेच्या पाकात बुडाले असते. आज ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ ऐकताना मागे जत्रेतल्या वाद्यांसारखं काहीतरी किणकिणतं आणि पुढे तो आवाज अगदी कानाशी बोलतो. मागची सगळी दुनिया दूर राहते. शिवाय काही गाण्यांत ‘कॅलायडोस्कोप’ या कॅलिफोर्नियाच्या वाद्यवृंदाने साथ केली, तिचा श्रेयनामावलीत उल्लेखही नव्हता. न्यूयॉर्कच्या एका क्लबात त्यांना ऐकून कोहेनने त्यांना बोलावून घेतलं होतं. ग्रीसची, तुर्कस्तानची तंतुवाद्यं त्यांच्या हातात सहज खेळायची. हायड्राच्या वाऱ्याचा थोडा अंश तबकडीवर आला तो या मंडळींमुळे. आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटी कोहेन चक्क बेसूर ओरडतो, शीळ घालतो. व्यावसायिक गायकाने ते पुसून टाकलं असतं. त्याने ते ठेवलं.

‘सुझान’पाशी जरा थांबायला हवं. जुन्या माँट्रिऑलमध्ये, सेंट लॉरेन्स नदीकाठी, गोदामांच्या ओसाड वस्तीत सुझान व्हेर्दाल नावाची नर्तिका राहायची. शिल्पकार आर्मां व्हायान्कूर तिचा साथीदार होता. कोहेन तिच्याकडे जायचा, ती त्याला संत्र्याच्या सालीचा गंध असलेला चहा द्यायची, मग दोघं नदीकडे फिरायला जायची. प्रेमप्रकरण नव्हतं, हे दोघांनीही सांगितलंय. जवळच नोत्र दाम द बाँसकूर हे खलाशांचं जुनं देवालय आहे. समुद्रावरून सुखरूप परतलेल्या खलाशांनी नवसापोटी दिलेली जहाजांची लहान लहान प्रतिरूपं आत छताला टांगलेली आहेत, आणि माथ्यावर मेरीचा पुतळा बंदराकडे तोंड करून उभा आहे. गाण्यातला नदीकाठ, चहा, बंदराची माउली, सगळं असं खरं आहे, नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल इतकं. गाण्याच्या कॉर्ड्‌स आणि माँट्रिऑलची हवा आधी आली, बाईचं नाव नंतर आलं, असं कोहेनने सांगून ठेवलंय. १९६६च्या त्याच्या संग्रहात हेच शब्द कविता म्हणून छापलेले आहेत.

रचना बघा. तीन कडवी. पहिल्यात बाई, तिसऱ्यात पुन्हा बाई. मधल्या कडव्यात अचानक येशू येतो, तोही खलाशी म्हणून. कुणी कारण सांगत नाही, जोडणारा एक शब्द नाही. देवळाच्या छतावरची जहाजं ज्याने पाहिलीत त्याला तो सांधा दिसतो, ज्याने पाहिली नाहीत त्यालाही तो जाणवतो. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत येतं, पण त्यात एक-दोन शब्द बदललेले असतात, आणि त्या बदलाने कोण कुणावर विश्वास ठेवतंय याची दिशा फिरते. ही कारागिरी बारा वर्षं कविता लिहून आलेल्या माणसाची आहे. आणि सगळं गाणं समोरच्याला उद्देशून आहे. जे घडलं ते त्याच्या बाबतीत घडलं असं गाणारा म्हणत नाही, ते तुमच्या बाबतीत घडलं असं म्हणतो. ऐकणारा नकळत नदीकाठी जाऊन बसलेला असतो.

या गाण्याचे हक्क कोहेनने तेव्हाच गमावले होते. न्यूयॉर्कमध्ये नवखा असताना पुढ्यात आलेल्या कागदांवर त्याने सही केली होती. ‘सुझान’ जगभर गाजलं तेव्हा त्याचे पैसे दुसऱ्याकडे जात होते आणि हक्क परत मिळवायला त्याला बरीच वर्षं लागली. त्यावर तो कडवटपणे बोलला नाही. असं गाणं आपल्या मालकीचं नसणंच बरं, असा त्याचा सूर असायचा.

‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ची जन्मकथा निराळी. बाकी गाण्यांवर तो महिनोन्‌महिने घासायचा. ‘सो लाँग, मारियान’ माँट्रिऑलमध्ये सुरू झालं आणि वर्षभराने चेल्सी हॉटेलात संपलं. सुरुवातीला ते बोलावणं होतं, संपेपर्यंत निरोप झाला होता. पण हिवाळ्यात एडमंटनला गेला असताना, बर्फाच्या वादळात एका दाराच्या आडोशाला थांबलेल्या दोन तरुणी त्याला भेटल्या. त्यांना राहायला जागा नव्हती. त्याने आपल्या हॉटेलातली खोली देऊ केली. त्या थकून पलंगावर झोपी गेल्या. तो खुर्चीत बसून राहिला, खिडकीबाहेर गोठलेल्या नॉर्थ सॅस्कॅचवान नदीवर चांदणं पडलेलं. त्या रात्रीत गाणं पुरं झालं आणि सकाळी उठल्यावर त्याने त्यांना ते ऐकवलं. एका बैठकीत पूर्ण झालेलं आपलं एकमेव गाणं, असं तो म्हणायचा.

तबकडी बाजारात आली तेव्हा अमेरिकेने तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. बिलबोर्डच्या यादीत ती ८३व्या स्थानापर्यंत चढली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने या गायकाला परकेपणाच्या मापावर तत्त्वज्ञ शोपेनहाउर आणि डिलन यांच्या मधे कुठेतरी बसवलं. त्या समीक्षकाला उदासीचा साचा दिसला आणि त्या साच्याआडची मायाळू नजर दिसली नाही, असं माझं मत आहे. ज्या गाण्यात दोन अनोळखी मुलींना निवारा मिळतो ते गाणं निराशेचं कसं असेल?

युरोपात चित्र निराळं झालं. ब्रिटनमध्ये ती तेराव्या स्थानावर पोचली आणि वर्षाहून जास्त काळ यादीत ठाण मांडून बसली. एखादं गाणं रेडिओवर गाजून तबकडी खपते तसं हे नव्हतं. ती एकाच्या खोलीतून दुसऱ्याच्या खोलीत गेली. विद्यार्थी वसतिगृहांत ती उसनी दिली-घेतली गेली. आणि मग भाषांनी तिला उचललं. नेदरलँड्समध्ये हर्मन फान फेनने ‘सुझान’ डचमध्ये गायलं, इटलीत फाब्रित्सिओ दे आंद्रेने इटालियनमध्ये, फ्रेंचमध्ये ग्रेम ऑलराइटने, पोलंडमध्ये मात्सिए झेंबाटीने कोहेनची कितीतरी गाणी पोलिशमध्ये आणली. अमेरिकेत नीना सिमोनने ‘सुझान’ घेतलं आणि तिच्या हातात त्याला ठेका आला, जवळजवळ नाचरं झालं. इंग्रजीतल्या कवितेचा असा प्रवास सहसा होत नाही, गाण्याचा होतो. इथे एकाच वस्तूने दोन्ही केलं. १९६८ साली कोहेनच्या निवडक कवितांचं पुस्तक आलं तेव्हा ते झपाट्याने खपलं. गायक कोहेनने कवी कोहेनला वाचक मिळवून दिले. त्या पुस्तकाला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार जाहीर झाला, तो त्याने नाकारला.

१९७०च्या ऑगस्टच्या शेवटी आइल ऑफ वाइट बेटावरच्या महोत्सवात लाखो माणसं जमली होती. पाच दिवसांच्या गर्दीने आणि तिकिटांच्या वादाने लोक चिडले होते, गायकांवर ओरडत होते, मंचाला आग लागून गेली होती. पहाटेच्या अंधारात, जिमी हेंड्रिक्सच्या नंतर, कोहेनला झोपेतून उठवून पुढे आणलं. त्याने घाई केली नाही. लहानपणी वडील आपल्याला सर्कशीला नेत, तिथे एक माणूस सगळ्यांना काडी पेटवायला सांगे म्हणजे एकमेकांचा ठावठिकाणा दिसे, अशी आठवण त्याने सांगितली. प्रत्येकाने काडी पेटवावी, अशी विनंती केली. मग अगदी सावकाश गायला लागला आणि तो प्रचंड जमाव शांत होत गेला. मरी लर्नरने केलेल्या चित्रणात हे सगळं बघायला मिळतं. लाखोंच्या समोरही तो एकट्याशीच बोलत होता. चेल्सी हॉटेलच्या पलंगावर बसून गायचा तसाच.

त्याच सुमाराला रॉबर्ट ऑल्टमन ‘मकेब अँड मिसेस मिलर’ हा चित्रपट करत होता. बर्फात बुडालेलं एक खाणकामाचं गाव, एक फुशारकी मारणारा जुगारी, एक धंदा जाणणारी बाई. ऑल्टमनने ही तबकडी आधी इतकी ऐकली होती की ती झिजली होती. चित्रीकरण झाल्यावर ती पुन्हा कानांवर पडली आणि त्याच्या लक्षात आलं की आपण या गाण्यांच्या मापानेच चित्रपट बेतलाय. ‘द स्ट्रेंजर साँग’, ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ आणि ‘विंटर लेडी’ अशी तीन गाणी त्याने घेतली. १९७१ साली चित्रपट आला. सुरुवातीला वॉरन बेटी पावसातून घोड्यावर गावाकडे येतो आणि मागे ते पत्ते पिसणाऱ्या परक्याविषयीचं गाणं चालू होतं. ते गाणं त्या माणसासाठी लिहिलेलं नाही यावर विश्वास बसत नाही. चित्रपट पाहून या तबकडीकडे वळलेले लोक पुष्कळ आहेत.

या माणसाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवर झेन मठात पाच वर्षं राहून कोहेन १९९९च्या सुरुवातीला खाली उतरला आणि मुंबईला आला. केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात तो राही आणि सकाळी वॉर्डन रोडलगतच्या गमाडिया रोडवर रमेश बाळसेकरांच्या घरच्या सत्संगाला चालत जाई. बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले. खेतवाडीच्या माळ्यावर निसर्गदत्त महाराज मराठीतून निरूपण करत तेव्हा परदेशी साधकांना ते इंग्रजीत सांगणाऱ्यांत बाळसेकर होते. करणारा मी नाही, कर्म होतं, ही त्यांची शिकवण. कोहेन त्यांना नेमाने ऐके, वहीत टिपणं घेई, आणि नंतर काही वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला. तरुणपणापासून मागे लागलेली निराशेची व्याधी याच काळात ओसरली, असं त्याने सांगितलंय. पहिल्या तबकडीवर ‘टीचर्स’ नावाचं एक गाणं आहे. त्यात एक माणूस गुरू शोधत दारोदार फिरतो आणि कुणाकडेच थांबत नाही. ते गाणं लिहिल्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी तो माणूस मुंबईत एका घरातल्या सतरंजीवर निवांत बसलेला होता, हे समजल्यापासून मला ते गाणं निराळं ऐकू येतं.

२००५च्या सुमारास कोहेनच्या लक्षात आलं की आयुष्यभराची बचत विश्वासातल्या माणसाने लंपास केलीय. तो सत्तरीत होता. पुन्हा गायला निघणं भाग होतं. मे २००८ मध्ये कॅनडातल्या फ्रेडरिक्टनपासून सुरू झालेले दौरे डिसेंबर २०१३ मध्ये ऑकलंडला थांबले, तेव्हा तो एकोणऐंशीचा होता. आवाज पार खाली, छातीच्या तळाशी गेलेला. टोपी काढून तो साथीदारांपुढे वाकायचा, कधी गुडघ्यांवर बसून गायचा. ‘सुझान’, ‘सो लाँग, मारियान’, ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ ही पहिल्या तबकडीवरची गाणी मैफलींत असायचीच, आणि मारियानच्या नावाचं ध्रुवपद श्रोते उचलून धरायचे. त्यांच्यात तबकडी आली तेव्हा जन्मलीही नव्हती अशी माणसं निम्म्याहून अधिक असावीत.

त्या मैफलींत त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला कोण असायचं ते बघण्यासारखं आहे. एकीकडे स्पेनचा हावियेर मास, हातात लोकसंगीतातली जुनी तंतुवाद्यं: १९६७मध्ये ‘कॅलायडोस्कोप’ने जे वाजवलं त्याचा हा थेट वारस. दुसरीकडे शॅरन रॉबिन्सन आणि वेब भगिनी, तीन स्त्रीस्वर. सायमनने नॅन्सी प्रिडीचा आवाज चढवला त्यानंतर कोहेनने स्त्रीस्वरांशिवाय क्वचितच काही केलं. जवळजवळ प्रत्येक तबकडीवर, प्रत्येक दौऱ्यात ते होतेच. फरक एवढाच की सायमनच्या वेळी ते त्याच्या गाण्यावर नंतर चढवलेले होते, आणि आता तो स्वतः त्यांच्यासाठी जागा सोडून लिहीत होता.